इंटरनेटचे व्यसन : शंभरात किती?

ब्रह्मपुरीचा उन्हाळा तुम्ही स्वतः सोसला नसला, तरी वर्तमानपत्रात नक्कीच वाचला असेल. मे महिन्यात विदर्भातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत आमच्या गावाचे नाव वरचेवर वरच्या ओळीत असते. पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो. पण गंमत पाहा. त्याच दुपारी मी एक तापमापक घराच्या पत्र्यावर ठेवला आणि दुसरा आत कूलरसमोर टांगला, तर पहिला ६० च्या आसपास जाईल आणि दुसरा ३० च्या आगेमागे राहील. दोन्ही तापमापक चांगले, दोन्ही आकडे खरे. मग त्या दुपारी ब्रह्मपुरीचे तापमान किती?

या प्रश्नाला उत्तर मिळते, कारण हवामान खात्याने तापमान कुठे आणि कसे मोजायचे ते आधी ठरवून ठेवले आहे. पांढरा रंग दिलेली, चारही बाजूंनी फटी असलेली लाकडी पेटी, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, आणि तापमापक तिच्या आत सावलीत. ही स्टीव्हन्सन पेटी लंडनला असो, पुण्याला असो की ब्रह्मपुरीला, पद्धत एकच. म्हणून तर एका गावाचा आकडा दुसऱ्या गावाच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. आणि एवढे करूनही उपकरण फसवते. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले. त्याच आठवड्यात दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश नोंदवले. देशभर बातम्या झाल्या. पुढे तपासणीत आढळले की, मुंगेशपूरचा संवेदक तब्बल तीन अंश जास्त दाखवत होता, आणि नागपूरचा आकडा तर संवेदक बिघडल्यामुळे आला होता.

इंटरनेटच्या व्यसनावर लिहायला बसलो आणि हवामानाचे पुराण का लावले, असे तुम्हाला वाटेल. कारण असे की, पालकसभेत मला दर वर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, कॉलेजातली शंभरातली किती मुले या मोबाईलच्या, इंटरनेटच्या आहारी गेली असतील हो?" मी भौतिकशास्त्र शिकवतो, मानसशास्त्र नाही. तरी उत्तर द्यावे म्हणून मी छापून आलेले अभ्यास वाचायला लागलो. एका ठिकाणी शंभरात एकही पुरता नाही, दुसऱ्या ठिकाणी आठ, तिसऱ्या ठिकाणी अठरा, आणखी एका ठिकाणी शंभरात ऐंशी! प्रयोगशाळेत एकाच तारेची जाडी मोजताना विद्यार्थ्यांचे आकडे इतके विखुरले असते, तर मी तारेबद्दल बोलण्याआधी स्क्रूगेज मागून घेतला असता. आपणही तेच करू. व्यसनाबद्दल बोलण्याआधी ते मोजण्याचे उपकरण हातात घेऊन पाहू.

थट्टेतून आलेले नाव

या दुखण्याचे नाव प्रथम थट्टेत जन्मले, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? १९९५ साली न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी आपल्याच शास्त्रातल्या जाडजूड निदानग्रंथाची नक्कल करत 'इंटरनेट व्यसन विकार' नावाचा एक काल्पनिक आजार लिहून काढला. लक्षणांची यादीसुद्धा थाटात दिली. हेतू विनोदाचा. पण लोकांनी तो खरा मानला आणि "मला हाच आजार झाला आहे" असे कितीतरी जण त्यांना कळवू लागले! लक्षात घ्या, आपल्या देशात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला.

थट्टा तिथेच संपली असती, पण डॉ. किंबर्ली यंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी हा विषय गंभीरपणे हाती घेतला. जुगाराच्या व्यसनाचे निदान ज्या निकषांवर करत, ते त्यांनी इंटरनेटला लावून पाहिले. आठ प्रश्न तयार केले. आठांपैकी पाच किंवा अधिक प्रश्नांना 'होय' असे उत्तर आले, तर तो माणूस इंटरनेटवर अवलंबून आहे असे समजायचे. १९९६ साली त्यांनी हे काम टोरांटो येथील परिषदेत मांडले आणि दोन वर्षांनी ते छापून आले. त्यातला आकडा असा : एकूण ४९६ जण, त्यांपैकी अवलंबून असलेले ३९६. भागाकार करा. जवळजवळ ८० टक्के!

आता हे ४९६ जण आले कुठून ते पाहा. भरपूर इंटरनेट वापरणाऱ्यांनी पुढे यावे, अशी वर्तमानपत्रांतून आणि महाविद्यालयांतल्या फलकांवरून जाहिरात दिली होती. शिवाय या व्यसनाविषयी माहिती शोधत इंटरनेटवर फिरणारे लोकही त्यांत आले. म्हणजे तापमापक चुलीशेजारीच धरला होता. यंगबाईंचा यात दोष नाही. असे लोक असतात का आणि त्यांना काय त्रास होतो, एवढेच त्यांना पाहायचे होते. शंभरात किती, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. आपल्या अभ्यासाच्या मर्यादाही त्यांनी लिहून ठेवल्या आहेत. शंभरात किती हे जाणायचे, तर ज्याला इंटरनेटचा कंटाळा आहे तो मुलगाही नमुन्यात यायला हवा, आणि तो सहसा असल्या जाहिरातीला उत्तर देत नाही.

रेघ कुठे ओढायची?

यंगबाईंनी पुढे १९९८ साली २० प्रश्नांची मोठी प्रश्नावली दिली. ठरवले होते त्यापेक्षा जास्त वेळ इंटरनेटवर जातो का, अभ्यासाचे नुकसान होते का, कोणी मध्येच हटकले तर चिडचिड होते का, अशा धर्तीचे प्रश्न. प्रत्येकाला जास्तीत जास्त ५ गुण, म्हणजे एकूण १००. जगभरच्या संशोधकांनी हीच फूटपट्टी सर्वांत जास्त वापरली आहे. २० ते ४९ गुण म्हणजे सर्वसाधारण वापर, ५० ते ७९ म्हणजे अधूनमधून किंवा वारंवार अडचणी, आणि ८० च्या वर म्हणजे गंभीर अडचण, असे त्यांनी सांगितले.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. मुंबईतल्या १६ ते १८ वर्षे वयाच्या ९८७ विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २०१३ साली भारतीय मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अकरावी-बारावीच्या वयाची मुले, म्हणजे तुमच्याहून थोडीच मोठी. त्यांतले ७४.५ टक्के सर्वसाधारण वापर करणारे निघाले. व्यसनी ठरले फक्त ०.७ टक्के, म्हणजे ९८७ मध्ये साधारण सात जण. उरलेले सुमारे पंचवीस टक्के मधल्या गटात, 'कदाचित व्यसनी असतील' अशा सदरात.

या एकाच तक्त्यावरून दोन बातम्या लिहिता येतात. "मुंबईतला दर चौथा विद्यार्थी इंटरनेटच्या विळख्यात" ही एक. "दीडशे विद्यार्थ्यांत जेमतेम एकच व्यसनी" ही दुसरी. दोन्ही वार्ताहर तक्ता दाखवून आपलेच खरे म्हणतील. फरक एवढाच की, एकाने रेघ ५० वर ओढली आणि दुसऱ्याने ८० वर. दहावीच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागतात. उद्या कोणी ती मर्यादा ५० केली, तर निकाल धाडकन खाली येईल; पण एकाही विद्यार्थ्याचे ज्ञान रात्रीत कमी झालेले नसेल.

बंगळूरच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २०१५ साली आला. पाचशेहून अधिक विद्यार्थी, प्रश्नावली हीच. निकाल : ३४ टक्क्यांना सौम्य आणि ८ टक्क्यांना मध्यम व्यसन. मुंबईपेक्षा बंगळूर एवढे बिघडले आहे काय? तसे नाही. या प्रश्नावलीचे गुण वाचण्याची आणखी एक पद्धत पुढे रूढ झाली. तिच्यात ३१ ते ४९ गुणांना 'सौम्य व्यसन' म्हणतात. म्हणजे ४० गुण मिळवणारा एकच मुलगा पहिल्या पद्धतीत सर्वसाधारण ठरतो आणि दुसऱ्या पद्धतीत व्यसनाच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसतो. अहमदाबादच्या सहा इंग्रजी माध्यमाच्या शाळांत ५५२ विद्यार्थ्यांचे अर्ज तपासले, तेव्हा ६५ जण, म्हणजे ११.८ टक्के व्यसनी ठरले. हाही अभ्यास २०१३ चाच. त्याआधी २००३ साली १०० भारतीय विद्यार्थ्यांवर वेगळीच प्रश्नावली वापरली गेली आणि १८ जण इंटरनेटवर अवलंबून असल्याचे निघाले. तेव्हा हल्लीसारखे मोबाईल नव्हतेच. इंटरनेटसाठी टेबलावरच्या संगणकासमोर जाऊन बसावे लागे.

जागतिक पातळीवर २०१४ साली एक मोठी गोळाबेरीज झाली. हाँगकाँगच्या दोन संशोधकांनी ३१ देशांतल्या ८० अभ्यासांचे आकडे एकत्र केले. एकूण माणसे ८९,२८१. सरासरी निघाली ६ टक्के. उत्तर आणि पश्चिम युरोपात सर्वांत कमी, २.६, मध्यपूर्वेत सर्वांत जास्त, १०.९. यात मला सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट वाटली ती वेगळीच. जिथे रोजच्या प्रवासात जास्त वेळ जातो, जिथे प्रदूषण जास्त आहे आणि जिथे लोक आपल्या जगण्यावर फारसे समाधानी नाहीत, अशा देशांत हे प्रमाण जास्त आढळले. इंटरनेट स्वस्त किंवा मुबलक असणे, एवढ्यावरच सारे ठरत नाही तर!

हजार विद्यार्थ्यांचे गणित

आता कागद-पेन्सिल घ्या. पुढचे आकडे केवळ मानलेले आहेत, कुठल्या गावचे नाहीत.

समजा, एका महाविद्यालयात १००० विद्यार्थी आहेत आणि त्यांतले २० जण खरोखर अडचणीत आहेत. म्हणजे खरे प्रमाण २ टक्के. आपली प्रश्नावली बऱ्यापैकी चांगली आहे असे धरू : खऱ्या अडचणीतल्या शंभरातले ९० ती ओळखते, आणि जे ठीक आहेत अशा शंभरातल्या फक्त १० जणांवर चुकीचा शिक्का मारते.

२० पैकी ९० टक्के म्हणजे १८ जण बरोबर सापडले. उरले ९८० ठीकठाक विद्यार्थी; त्यांच्या १० टक्के म्हणजे ९८ जण उगाच अडकले. एकूण शिक्के ११६. प्राचार्यांच्या टेबलावर अहवाल जाईल : "आपल्या महाविद्यालयात ११.६ टक्के विद्यार्थी व्यसनी." खरे प्रमाण होते २. शिवाय ज्यांच्यावर शिक्का बसला त्या ११६ मध्ये खरोखर गरजू फक्त १८, म्हणजे सहा-सात जणांत एक. आणि दोघे तर निसटलेच!

ही प्रश्नावलीची लबाडी नव्हे, साध्या गुणाकाराचा परिणाम आहे. जी गोष्ट दुर्मीळ असते ती शोधायला जरा ढिली चाळणी घेतली, की खड्यांपेक्षा तांदूळच जास्त बाहेर पडतात. रक्ताच्या तपासणीत डॉक्टर पहिल्या चाचणीवर न थांबता दुसरी करून घेतात, त्यामागचे एक कारण हेच. बहुतेक विद्यार्थी-अभ्यासांत मात्र पहिली प्रश्नावली हीच शेवटची असते. भरून दिलेल्या कागदानंतर कोणी तज्ज्ञ त्या मुलाशी अर्धा तास बोलला, असे क्वचितच घडते.

प्रश्नांची गोष्टही बोलण्यासारखी आहे. २० प्रश्नांच्या त्या प्रश्नावलीत, इतर कामाआधी तुम्ही ई-मेल किती वेळा पाहता, अशा अर्थाचा एक प्रश्न आहे. १९९८ साली तो चपखल होता. आज माझ्या वर्गातली मुले ई-मेल उघडतात ती एखादा अर्ज भरतानाच. त्या काळी माणूस इंटरनेटवर 'जात' असे आणि तिथून 'परत येत' असे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, डेटा एकदम स्वस्त झाला, आणि जाणे-येणे संपलेच. २०२० साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी तर मोठी मजा केली. अशाच प्रश्नावल्यांच्या साच्यात समाजमाध्यमे काढून 'मित्र' हा शब्द घातला. मित्रांना भेटता आले नाही तर बेचैन होता का, मित्रांमुळे कामे मागे पडतात का, वगैरे. ८०७ जणांनी ती भरली आणि ६९ टक्के लोक 'मित्रांचे व्यसनी' ठरले! प्रश्नावली काय मोजते हे तपासल्याशिवाय तिचा आकडा उचलू नये, हेच त्यांना दाखवायचे होते.

घड्याळ लावले तर?

तुम्ही म्हणाल, प्रश्नावलीची कटकट हवी कशाला? मोबाईलच सांगतो ना, दिवसाला किती तास वापर झाला ते. तास मोजा आणि मोकळे व्हा.

मीही एकदा असाच मोकळा झालो होतो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा तास सुरू होऊन दहा मिनिटे झाली की पेंगू लागे. डोळे तांबारलेले. शेजारच्या मुलांनी सांगितले, "सर, तो रात्रभर मोबाईलवर असतो." मी त्याला उभे करून साऱ्या वर्गासमोर चार शब्द सुनावले. तो काही बोलला नाही. महिन्याभराने बाजारात त्याच्या वडिलांची गाठ पडली, तेव्हा खरा प्रकार कळला. त्यांचे धानाचे शेत जंगलाला लागून. धान लोंबीवर आले की रानडुकरांचे कळप रात्रीत बांधीच्या बांधी लोळवून टाकतात. बापलेक पाळीपाळीने मचाणावर जागत. आमच्या भागात वाघाचीही भीती असते, त्यामुळे झोप लागून चालत नाही. मुलगा जागे राहण्यासाठी मोबाईलवर काहीबाही पाहत बसे आणि पहाटे घरी फोन करी. मोबाईलच्या नोंदीत त्याचे रोजचे सात-आठ तास भरले असते. मी त्याला बोलावून क्षमा मागितली. पण सुनावले होते वर्गासमोर आणि क्षमा मागितली ती खोलीत एकट्याजवळ, ही बोच अजून आहे.

दुसरा विद्यार्थी याच्या उलट. शांत, तासाला वेळेवर, प्रयोगवही टापटीप. मोबाईल फार तर दिवसाला दीड तास. तो दीड तास मात्र रात्री, पैसे लावून खेळण्याच्या पत्त्यांवर. आधी सायकल विकली, मग मित्रांकडे उसनवार झाली, शेवटी परीक्षेचे शुल्क गेले. त्या वर्षी तो परीक्षेला बसला नाही, आणि आम्हा शिक्षकांपैकी एकालाही आधी सुगावा लागला नव्हता. (अशा पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टात केला.) तास मोजून गावभर फिरलो असतो, तर पहिल्याला पकडले असते आणि दुसऱ्याला सोडले असते.

जागतिक आरोग्य संघटनेने हे ओळखले आहे. तिच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, संगणकी खेळांच्या विकाराला जागा मिळाली. त्याच्या व्याख्येत तासांचा उल्लेखच नाही. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी साऱ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, अशी तीन लक्षणे आहेत. त्यांमुळे घर, शिक्षण, काम यांची चांगलीच हानी झालेली असावी लागते, आणि हे साधारण बारा महिने चाललेले असावे लागते. वार्षिक परीक्षेनंतर पंधरा दिवस खेळात बुडालेला मुलगा यात बसत नाही. सर्वसाधारण इंटरनेट-व्यसन या नावाचा स्वतंत्र आजार मात्र या यादीत नाही. अमेरिकन निदानग्रंथाच्या २०१३ च्या आवृत्तीतही फक्त इंटरनेटवरील खेळांचाच उल्लेख आहे, आणि तोसुद्धा 'अधिक अभ्यास हवा' अशा परिशिष्टात.

आपली मराठी या बाबतीत शहाणी आहे. छंद, नाद, चटक, आहारी जाणे, व्यसन. एकेक पायरी वेगळी. संस्कृतात तर 'व्यसन' या शब्दाचा एक अर्थ संकट असाच आहे. प्रश्नावलीजवळ मात्र एकच रेघ असते.

ब्रह्मपुरीत शिकायला येणारी बरीच मुले आसपासच्या खेड्यांतून आणि वैनगंगेपलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यातून येतात. रेंज शोधत गावाबाहेरच्या टेकाडावर उभे राहण्याची सवय असलेली ही मुले खोली करून राहू लागली, की पहिल्यांदाच चोवीस तास इंटरनेट हाती येते, आणि घर दूर असते. शिष्यवृत्तीचा अर्ज, विद्यापीठाचे वेळापत्रक, पोलीसभरतीच्या तयारीची व्याख्याने, आईशी बोलणे, सारे त्याच मोबाईलवर. मग एखादी खोटी भीती घालणारी बातमी गावी पोचते आणि काय होते? मुलाला दम मिळतो. मुलीचा मोबाईल काढून घेतला जातो. अर्जाची मुदत टळते, ती बहुधा मुलीचीच. चुकीच्या शिक्क्याची किंमत अशी मोजावी लागते. आणि ज्या दोन-चार मुलांना खरोखर हात द्यायला हवा होता, ती या गलबल्यात कुणाला दिसतच नाहीत.

गळ आणि मासा

आकड्यांवर एवढा अविश्वास दाखवला म्हणून, 'व्यसन वगैरे सब झूट' असा अर्थ मात्र काढू नका. मोबाईल सोडवत नाही, यामागे पक्के विज्ञान आहे.

आमच्या भागात जुने मालगुजारी तलाव पुष्कळ. काठावर गळ टाकून बसलेला माणूस कधी निरखून पाहा. पाच मिनिटांत एक मासा लागतो, मग तासभर काहीच नाही, मग लागोपाठ दोन. मासा अगदी ठरावीक वेळेला लागत असता, तर तो माणूस मधल्या वेळात घरी जाऊन आला असता. केव्हा लागेल ते ठाऊक नाही, म्हणूनच तो हलत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखवले. कळ टोचली की कधी दाणा मिळे, कधी नाही. किती टोचांनी मिळेल याचा नेम नसे. अशी कबुतरे सर्वांत नेटाने टोचत राहत, आणि दाणे बंद झाल्यावरही लवकर थांबत नसत. पुढे १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामीन पेशींची नोंद घेतली. अचानक फळाचा रस मिळाला की या पेशी उसळत. पण आधी दिवा लागतो आणि मग रस मिळतो हे माकड शिकले, की पेशी दिव्यालाच उसळू लागत, रसाला नाही. मोबाईलची 'टिंग' हा आपला दिवा. संदेश बहुधा रद्दीच असतो, पण मान वळते ती टिंगला.

पडदा वर सरकवत राहावे आणि मजकूर संपूच नये, ही युक्ती २००६ साली आझा रास्किन या तरुण अमेरिकन आरेखकाने काढली. पुस्तकाचे पान संपते, तिथे आपण क्षणभर थांबतो. इथे पान संपतच नाही. आपल्या युक्तीने लोकांचा किती वेळ गेला, याची खंत त्याने पुढे जाहीरपणे बोलून दाखवली आहे.

म्हणजे गळ सर्वांसमोर टाकलेला आहे. बहुतेक जण थोडा वेळ अडकतात आणि सुटतात. काहींच्या मात्र तो घशात रुततो. ते किती, हे नीट मोजणे म्हणूनच महत्त्वाचे. अशांसाठी बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१४ साली खास चिकित्सालय सुरू केले. आपल्याकडून बंगळूर दूर. पण १४४१६ हा 'टेली-मानस'चा निःशुल्क दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. ताबा सुटला आहे, लपवालपवी करावी लागते, पैसे जात आहेत किंवा झोप आणि अभ्यास दोन्ही बुडाले आहेत, असे ज्याला स्वतःला वाटते त्याने कुठल्याही प्रश्नावलीची वाट पाहू नये.

आता तुम्हीच मोजा

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. ज्यांच्या घरी मोबाईल आहे त्यांनी, काल आपला वापर किती तास झाला असेल तो अंदाज कागदावर लिहून घडी घालावी. मग मोबाईलच्या सेटिंगमधली खरी नोंद पाहावी आणि त्याच कागदावर लिहावी. मोबाईल घरात सर्वांचा मिळून असेल तर तशी खूण करावी. नाहीतर आजोबांची भजने तुमच्या खात्यावर पडतील. अंदाजातली चूक शेकडेवारीत काढा. हे सात दिवस करा. २०२१ साली अशा अनेक अभ्यासांची छाननी झाली, तेव्हा लोकांचा अंदाज आणि प्रत्यक्ष नोंद यांचा मेळ फारच क्वचित बसतो असे दिसून आले. तुमच्या वर्गात काय दिसते ते पाहा.

सर्वांच्या सात दिवसांच्या सरासरीचा स्तंभालेख फळ्यावर काढा. त्यावर तीन तासांच्या जागी उभी रेघ ओढा आणि रेघेपलीकडच्या मुलांची शेकडेवारी काढा. रेघ चार तासांवर न्या, पुन्हा काढा. मग पाच तासांवर. तीनही उत्तरे शेजारी शेजारी लिहा, आणि पलीकडच्या प्रत्येकाने त्या तासांत काय केले ते, त्याची इच्छा असेल तरच, विचारा. शिक्षकांना एक विनंती : कागदांवर नावे घालू देऊ नका आणि प्रयोग संपल्यावर ते कागद शाळेच्या दप्तरात ठेवू नका. आलेख मात्र संपादकांच्या पत्त्यावर जरूर पाठवा. रेघ कुठे ओढली होती, ते त्यावर लिहायला विसरू नका.